अर्धापूर ते सोंग-कुल

लोकांना वाटलं, आम्ही काशीला निघालो. अर्धापूरच्या स्टँडवर सोडायला आलेल्या जाऊबाईंनी मला कुंकू लावलं, ओंजळीत नारळ दिला आणि म्हणाल्या, "विश्वेश्वराला माझा बी नमस्कार सांगा." मी त्यांना कितीदा तरी सांगितलं होतं, की आम्ही आधी थायलंडला जाणार, तिथून लाओसला, तिथून पुढं जमेल तिकडं, आणि वर्षभर तरी परतणार नाही. त्यांनी ते ऐकून घेतलं होतं, पण पटवून घेतलं नव्हतं. जन्म केळीच्या बागेत गेलेला माणूस आणि त्याची मास्तरीण बायको पाठीवर पोरांसारख्या पिशव्या अडकवून उगीच देशोदेशी कशाला हिंडतील? त्यापेक्षा काशी त्यांना सोपी वाटली. मीही नारळ पिशवीत टाकला आणि "सांगते" म्हणाले.

मी मूळची चाकूरची. लग्न होऊन अर्धापूरला आले, तेव्हा घरात सासू-सासरे, दीर-जाऊ, पुढं त्यांची मुलं, गडी-माणसं, येणारे-जाणारे. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत होते. ह्यांची आणि भाऊजींची केळीची बाग. घर भरलेलं असल्यामुळं आम्हा दोघांत बोलणं असं फार नव्हतंच. "जेवलात का?" "मोटार चालू केली का?" "उद्या घड उतरवायचेत, डबे जास्त लागतील." एवढ्यावर आमचा संसार चालला. भांडणंही नव्हती. भांडायलासुद्धा दोघांना थोडा एकांत लागतो.

आम्हाला मूल झालं नाही. नांदेडचे दवाखाने झाले, मग लातूरचे, मग हैदराबादचे. एके दिवशी हैदराबादहून परतताना बसमध्ये हे म्हणाले, "बास आता." मी म्हटलं, "बास." त्यानंतर तो विषय आम्ही काढला नाही. घरात कुणी मला टोचून बोललं नाही, हे मी मुद्दाम लिहिते. फक्त बारशाच्या दिवशी पाळण्याची दोरी हातात घ्यायची वेळ आली, की बायका हळूच दुसऱ्या कुणाला तरी पुढं करायच्या. कुणाचं जावळ असलं, की मी स्वयंपाकघरात सापडायचे. ते कुणी ठरवलेलं नव्हतं. मीच ठरवून घेतलं होतं, आणि कुणी मोडलं नव्हतं.

बाहेर पडण्याचं खूळ ह्यांच्या डोक्यात आलं ते आखाड्यावर, शेतातल्या खोपीत. पाण्याची पाळी असली की हे तिथं बसून मोबाइल बघायचे. मला वाटायचं, बाजारभाव बघतात. एका दुपारी मी डबा घेऊन गेले, तर ह्यांनी मोबाइल माझ्याकडं वळवला. पडद्यावर एक जोडपं कुठल्याशा डोंगरात छोट्या स्टोव्हवर भात शिजवत होतं. मागं बर्फ.

"ही माणसं काई श्रीमंत न्हाईत," हे म्हणाले. "तिकडं दुकानात काम करत होती. सहा महिने झाले, मी बघून राहिलो ह्यांना. बसनं जातात, हातानं रांधून खातात, कुणाच्या बी घरी राहतात."

"मग?"

"मग काय. जायचं का?"

"कुठं?"

"जिथवर जमंल तिथवर."

मी हसले. हे हसले नाहीत. तेव्हा मला कळलं, की हा माणूस सहा महिने एकट्यानं हा विचार करतोय आणि आज मला डबा आणायला उशीर झाला असता तर कदाचित त्यानं तो परत गिळला असता. घसा कायमचा बसल्यामुळं मी नोकरीतून लवकर मोकळी झाले होते. सासू-सासरे राहिले नव्हते. मी म्हटलं, "जाऊ या." बोलून गेल्यावर माझी मलाच भीती वाटली.

बाग पुतण्याला बटईनं, अर्ध्या वाट्यावर, दिली. पासपोर्ट निघाले. व्हिसा आणि तिकिटांचं सगळं पुतण्यानंच मोबाइलवर केलं आणि मला शिकवलं. आमचे नियम साधे होते. जमिनीवरून जाता येत असेल तिथं विमान नाही, गरम पाण्यापलीकडं सोयी मागायच्या नाहीत, आणि एक वेळचं आपण रांधायचं. माझ्या पिशवीत कपड्यांपेक्षा जवारीचं पीठ आणि शेंगदाण्याची चटणी जास्त होती.

बँकॉकला उतरलो आणि पहिल्याच दिवशी हरवलो. इतक्या गाड्या, इतका उकाडा, पाट्यांवरची अक्षरं वेलबुट्टीसारखी. फिरता फिरता इमारतींच्या वर केशरी निशाण दिसलं आणि हे म्हणाले, "अगं, हा तर गुरुद्वारा." नांदेडच्या माणसाला ते निशाण ओळखायला वेळ लागत नाही. आत गेलो, डोक्यावर रुमाल बांधले, पंगतीत बसलो. डाळ, रोटी, खीर. घरातून निघाल्यापासून पहिल्यांदा माझा जीव खाली बसला.

वाढणारे एक म्हातारे सरदारजी होते, पांढरीशुभ्र दाढी. त्यांनी हिंदीत विचारलं, "कहाँ से आए हो, बेटा?"

"महाराष्ट्र," हे म्हणाले. मग जरा थांबून, "नांदेड."

त्यांनी डाळीची बादली खाली ठेवली. "हजूर साहिब?"

"जी. हमारा गाव वहीं से पास है."

सरदारजी पुढं झाले. वाकले आणि ह्यांच्या पायांना हात लावून तो हात कपाळाला नेला. हे एकदम उठून उभे राहिले, "अहो, अहो, काय करता हे" असं मराठीतच म्हणत. सरदारजींनी सांगितलं, की त्यांच्या वडिलांच्या आधीपासून घराणं इथंच आहे. त्यांची आई जन्मभर म्हणत होती, एकदा हजूर साहिब बघायचंय. जमलं नाही, तशीच गेली. "आप वहाँ की मिट्टी पर रोज़ चलते हो," ते म्हणाले.

त्यांनी आम्हाला राहायला खोली दिली. खोलीत आल्यावर हे पलंगाच्या काठावर बसले. "आपुन नांदेडला कशाला जातो?" ते म्हणाले. "खत आणायला. पाइप आणायला. मी कितीदा त्या गुरुद्वाऱ्याच्या रस्त्यानं गेलो असंल, अन् आत जाऊन डोकं टेकवायचं बी ध्यानात आलं न्हाई." जग बघायला म्हणून निघालो होतो, आणि पहिल्याच मुक्कामात आपलंच गाव इतक्या लांबून इतकं मोठं दिसलं.

उत्तरेकडं सरकत आम्ही मेकाँग नदीला लागलो. तिथून लाओसमध्ये लाकडी होडी जाते, दोन दिवस लागतात. गोदावरी मला मोठी वाटायची. मेकाँग चहाच्या रंगाची, आणि दोन्ही काठांनी जंगल असं दाटलेलं, की त्याच्या आत काहीतरी श्वास घेतंय असं वाटावं. होडीत कोंबड्या होत्या, तांदळाची पोती होती, एक मोटारसायकल होती. बायका पान खात होत्या. एकीनं मला पान दिलं. चुना जास्त होता, पण ते पानच होतं.

मधल्या मुक्कामाच्या गावात आम्ही दोन दिवसांसाठी थांबलो आणि पुष्कळ राहिलो. त्याला कारण केळी. होडीतून उतरतानाच ह्यांचं लक्ष डोंगराकडं गेलं. उतारावर, झाडीत, केळीच केळी. कुणी लावलेली नाही, ओळ नाही, पाट नाही. ज्या घरी उतरलो होतो तिथला मालक आमच्याच वयाचा, दुपारी लाकडं आणायला डोंगरावर निघाला, तर हे त्याच्या मागं. मीही निघाले.

वर गेल्यावर त्या माणसानं कोयत्यानं एक छोटासा घड उतरवला. केळी बोटाएवढी, हिरवट. त्यानं एक सोलून ह्यांच्या हातात दिलं आणि हसला. ह्यांनी चावा घेतला आणि थांबले. तोंडातून काहीतरी तळहातावर काढलं. काळे, कडक, मटकीपेक्षा मोठे दाणे. आतमध्ये गर नावालाच, नुसते दाणेच.

"बी हाय," हे म्हणाले. "अगं, केळीला बी हाय!"

ज्यांनी केळी फक्त बाजारात बघितली त्यांना ह्यात काय एवढं, असं वाटेल. आमच्याकडं केळीला बी नसतं. केळीच्या बुडातून मुनवे फुटतात, ते काढून लावायचे, हल्ली प्रयोगशाळेतली रोपं आणायची. बी नाही, म्हणून केळीला लेकरू स्वतःहून होत नाही, माणसानं लावावं लागतं, असं माझे सासरे म्हणायचे. आणि इथं ती आपली आपण, बियांवर, अख्खा डोंगर भरून उगवली होती. पुढं पुतण्यानं मोबाइलवर वाचून सांगितलं, की सगळ्या जगातल्या केळीचं मूळ ह्याच डोंगराळ मुलखांत आहे. तेव्हा आम्हाला ते ठाऊक नव्हतं. पण ह्यांना कळलं होतं. ते त्या झाडाच्या बुंध्याला टेकून खाली बसले. एक हात बुंध्यावर, दुसऱ्या मुठीत त्या बिया.

"ही आज्जी हाय आपल्या बागेची," ते म्हणाले.

त्या संध्याकाळी, नदीकाठच्या बांबूच्या ओट्यावर बसून, माझा नवरा बोलायला लागला. लग्नाला तीस वर्षं होत आली होती. मला माहीत नव्हतं, की ह्यांना लहानपणी केळीच्या बागेत भीती वाटायची, पानांचा आवाज ऐकून कुणी तरी चालतंय असं वाटायचं. मला माहीत नव्हतं, की वादळानं बाग झोपली त्या वर्षी हे घरी हसत आले आणि बागेत जाऊन रडले. मला हेही माहीत नव्हतं, की हैदराबादहून येताना "बास" हे त्यांनी माझ्यासाठी म्हटलं होतं, माझ्या दंडावरचे सुयांचे डाग बघवत नव्हते म्हणून. समोर नदी वाहत होती. मी ऐकत राहिले. घरचा मालक अधूनमधून चिकट भाताची टोपली पुढं सरकवायचा आणि त्याला एक अक्षर न कळताही मान डोलवायचा.

तिथून पुढं किती गावं, किती बसगाड्या. व्हिएतनाममध्ये भातखाचरं ढगाला टेकलेली बघितली. कंबोडियात दगडी देवळांवर झाडांची मुळं अशी चढलेली, की देऊळ झाडानं धरलंय की झाडाला देवळानं, हे सांगता येऊ नये. मग एक लांब विमानप्रवास करून आम्ही उझबेकिस्तानात उतरलो. तिथल्या निळ्या घुमटांखाली मी मान वर करून उभी राहिले, ती मान दुखेपर्यंत. पण त्या देशानं मला खरं चकित केलं ते बोलीनं.

समरकंदच्या बाजारात हे कांदे घेत होते. सवयीनं म्हणाले, "प्याज." बाई म्हणाली, "पियोझ, पियोझ!" हे म्हणाले, "अनार." ती म्हणाली, "अनोर!" मग दोघांचा खेळच सुरू झाला. बदाम म्हटलं, की ती बोदोम दाखवायची. हे वर बोट करून म्हणाले, "आसमान." आजूबाजूचे सगळे दुकानदार म्हणाले, "ओस्मोन!" हे जमिनीवर पाय आपटून म्हणाले, "जमीन." तर तेही तसंच. "मेवा." "मेवा!" मराठवाड्यात जन्म गेला म्हणून जे शब्द आम्हाला घरचे वाटत होते, पुण्याकडची माणसं ज्यांना हसायची, ते शब्द इथं मूळ घरात बसल्यासारखे बसले होते. ह्यांची छाती फुगली. दिवसभर ते जे दिसेल त्याचं नाव मोठ्यानं घेत हिंडले.

आम्ही उतरलो होतो ते घर एका म्हाताऱ्या बाईचं होतं. अंगणात तुतीचं झाड, त्याखाली चौरंगासारखा मोठा पलंग, त्यावरच बसायचं, त्यावरच जेवायचं. पहिल्या सकाळी तिनं गोल जाड नान आणला, चहा ओतला आणि माझ्याकडं बघून म्हणाली, "बोला?"

मी दचकले. म्हटलं, "काय बोलू?"

ती परत म्हणाली, "बोला? बोला बोर्मी?"

मला वाटलं, हिला मराठी येतं की काय. मी बोलायलाच सुरुवात केली. आम्ही अर्धापूरचे, मी शाळेत होते, हे केळी लावतात. ती हसत होती, मान हलवत होती. मग तिनं दोन्ही हातांचा पाळणा केला आणि हलवून दाखवला. "बोला."

त्यांच्याकडं लेकराला 'बोला' म्हणतात. ती विचारत होती, मुलंबाळं किती.

हा प्रश्न मला प्रत्येक देशात विचारला गेला होता, हातवाऱ्यांनी, बसमध्ये, बाजारात, सगळ्यात आधी. मी दर वेळी काहीतरी खोटं दाखवायचे. कधी एक बोट, कधी दोन. परक्या गावात कोण विचारतंय. त्या दिवशी काय झालं कोण जाणे, मी हात उघडे करून दाखवले. नाही.

बाईनं चहाची किटली खाली ठेवली. चेहऱ्यावर कीव आली असती तर मी तिथून उठले असते. ती नुसती माझ्याकडं बघत राहिली, मग ह्यांच्याकडं, ह्यांच्या धुळीनं भरलेल्या बुटांकडं, भिंतीला टेकवलेल्या आमच्या पिशव्यांकडं. नान मोडून तिनं मोठा तुकडा माझ्यापुढं ठेवला आणि म्हणाली, "मेहमोन." मेहमान. पाहुणी. मग उठली आणि तुती वेचून आणायला गेली.

किर्गिझस्तानात गेलो तोवर उन्हाळा सुरू झाला होता. तिथं उन्हाळ्यात धनगर आपली घोडी-मेंढ्या घेऊन उंच पठारांवर चढतात आणि लोकरीच्या गोल तंबूंत राहतात. सोंग-कुल नावाच्या तळ्याकाठी असंच एक पठार आहे. भाड्याच्या जीपमधून इतर लोकांबरोबर दाटीवाटीनं आम्ही वर गेलो. घाट चढता चढता झाडं संपली. मग झुडपं संपली. मग नुसतं गवत. शेवटच्या वळणावर गाडी वर आली आणि समोर जे उघडलं, त्यासाठी माझ्याजवळ तेव्हाही शब्द नव्हता, आजही नाही. आमच्याकडंही माळरान आहे, लोहा गावाकडं जाताना नजर अडत नाही इतकं. पण हे माळरान आभाळात नेऊन ठेवलेलं होतं. मध्ये तळं, काठाला अजून बर्फ, चारी बाजूंनी पांढरे डोंगर, आणि शेकडो घोडी मोकळी. एकही कुंपण नाही. हे खाली उतरले आणि त्यांनी बूटच काढून ठेवले, देवळात चपला काढतात तसे. गवत बर्फासारखं गार होतं. तरी तसेच उभे राहिले.

ज्या तंबूत आम्ही राहिलो तिथं म्हातारा-म्हातारी, त्यांचा मुलगा, सून आणि वर्षाची नात होती. सून शहरात शिकलेली, तिला थोडं इंग्रजी येत होतं. तिच्यामुळंच आमचं बोलणं व्हायचं. तंबूत मधोमध चूल, आणि चुलीत शेणाच्या गोवऱ्या. मी गोवरी हातात घेऊन वास घेतला आणि मला हसू आलं. म्हातारीनं विचारलं, का हसतेस? मी सांगितलं, आमच्याकडंही हेच. तिनं माझ्या हातात आणखी दोन दिल्या, चूल माझ्या ताब्यात दिली आणि स्वतः घोडीची धार काढायला गेली. त्या चुलीवर मी उरलेल्या जवारीच्या पिठाच्या शेवटच्या भाकरी केल्या. त्यांनी लोण्याबरोबर खाल्ल्या. त्यांनी आम्हाला घोडीचं आंबवलेलं दूध दिलं. हे एका दमात प्यायले आणि डोळे मिटून म्हणाले, "लई आंबट. पण बरंय." मला काही ते उतरलं नाही.

एके सकाळी आजूबाजूच्या तंबूंतली माणसं घोड्यांवरून येऊ लागली. सुनेनं सांगितलं, आज आमच्या मुलीचा तुशो कापायचा. लेकरू पहिली पावलं टाकायला लागलं, की त्याच्या दोन्ही पायांना काळ्या-पांढऱ्या लोकरीची पीळ घातलेली दोरी बांधतात. लांबून मुलं पळत येतात, जो पहिला पोचेल त्यानं ती दोरी कापायची. मग लेकराला हात धरून चालवतात. दोरी कापली की त्याची वाट मोकळी झाली.

मी नेहमीप्रमाणं चुलीपाशी सरकले. कार्य आहे, रांधायला माणूस लागेल. बाहेर आरडाओरडा, हसणं. मुलं पळत आली, कुणी तरी जिंकलं. मी चहाचं भांडं उतरवत होते, तेवढ्यात म्हातारी आत आली आणि माझ्या मनगटाला धरून मला बाहेर ओढू लागली.

मी सुनेला म्हटलं, "मी इथंच बरी आहे. मी कामं करते."

सून म्हणाली, "सासूबाई म्हणतात, मुलं पळाली ती नुसती गंमत. दोरी तू कापायची."

"मी? नाही, नाही." तिला कसं सांगावं ते कळेना. शेवटी सरळच सांगितलं, "मला मूल नाही. आमच्याकडं अशा वेळी माझ्यासारखीला पुढं करत नाहीत."

सुनेनं ते म्हातारीला सांगितलं. मी खाली बघत उभी होते. म्हातारी काहीतरी लांबलचक बोलली, जरा रागावल्यासारखी. सून हसली.

"त्या म्हणतात, मुलं तर आमच्या मेंढ्यांनाही होतात. ज्याच्या हातानं दोरी कापली जाते, त्याची चाल लेकराला लागते. एवढ्या लांबून पायी, गाडीनं, होडीनं आलेली बाई त्यांच्या पाहण्यात दुसरी नाही. आमची मुलगी तुझ्यासारखी लांब जावी."

बाहेर गवतावर एक सतरंजी अंथरली होती. तिच्यावर ती मुलगी उभी होती, दोन्ही बाजूंनी बापानं आणि आज्यानं धरलेली, गाल थंडीनं लाल झालेले, डोक्यावर चमकत्या टिकल्यांची टोपी. पायांत ती दोरी. शर्यत जिंकलेल्या मुलीनं सुरी माझ्या हातात दिली. म्हातारीनं माझ्या हातावर आपला हात ठेवला. तिचा हात लाकडासारखा खडबडीत आणि गरम होता. दोरी कापली. बारीकसा आवाज झाला. सगळ्यांनी एकदम ओरडा केला. मुलगी घाबरली, तिनं तोंड वेडंवाकडं केलं, आणि मग रडायच्या ऐवजी तिनं एक पाऊल टाकलं. मग दुसरं. मी गुडघ्यांवर बसले होते. ती सरळ माझ्याकडं आली आणि माझ्या स्वेटरवर आदळली.

ती किती जड होती हे मला आजही हातात जाणवतं. डोंगर तिच्या पाठीमागं पांढरे लखलखत होते. हे बाजूला, मुलांच्या घोळक्यात उभे राहून दोन्ही हातांनी टाळ्या वाजवत होते, सगळ्यांचं थांबलं तरी वाजवतच होते.

तिथून पुढं आम्ही जॉर्जिया बघितला, आर्मेनिया बघितला, तुर्कस्तानात हिवाळा काढला. सगळं लिहायला बसले तर संपणार नाही. पैसे संपत आले तेव्हा घराची ओढ लागली, आणि ओढ लागली तेव्हा आम्ही परतलो. पुतण्यानं बाग चांगली ठेवली होती. जाऊबाईंनी दारात भाकरतुकडा ओवाळला आणि काशीचं गंगाजल मागितलं नाही. पुतण्यानं त्यांना मधल्या काळात सगळे फोटो दाखवले होते. त्या मला आत घेऊन गेल्या आणि म्हणाल्या, "ते बर्फाकडचं लेकरू कुणाचं? परत सांगा, सुरवातीपासून." मी सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी परत विचारलं. मी परत सांगितलं.

हे मात्र घरी आल्यावर पुन्हा गप्प झाले, असं मला वाटलं होतं. एके दिवशी दुपारी बाजारातून येताना चहाच्या टपरीपाशी ह्यांचा आवाज ऐकू आला. मी आडोशाला थांबले. आठ-दहा माणसं बसली होती, कुणी ट्रॅक्टर बंद करून आलेलं, कुणी खताची पोती तशीच टाकून. कुणी तरी विचारलं होतं, एवढं हिंडलात, त्यात लई भारी काय वाटलं?

"एकदा त्या तळ्याकाठी," हे सांगत होते, "ही तंबूत झोपली होती. सकाळ व्हायची होती. मी उठून बाहेर आलो. धुकं असं, की हात दिसंना. मी चालून राहिलो चढावर. अन् वर गेलो तर धुकं खाली राहिलं. वर मी, अन् समोर ते पांढरे डोंगर, लाल झालेले. अन् धुक्यातून नुसत्या घोड्यांच्या पाठी वर आलेल्या, होड्यांसारख्या. माणूस न्हाई, काई न्हाई. मला काय झालं कुणास ठाऊक. मी आरडलो."

"काय आरडलात?"

"काईच न्हाई. नुसता आरडलो. पोटातून. एवढं मोठं मी कधी आरडलो नव्हतो."

मला हे माहीत नव्हतं. त्या सकाळी मी उठले तेव्हा हे चुलीपाशी बसून चहा पीत होते, बूट दवानं ओले. "कुठं गेला होतात?" म्हटलं तर म्हणाले होते, "इथंच."

एकाच्या हातातला चहा गार होत होता. मग कुणी तरी हळू आवाजात विचारलं, "मग?"

"मग काय," हे म्हणाले, "घोड्यांनी वर बघितलं. अन् परत चरू लागले."